अरामींचं घर नकाशावर दाखवा : जगाचा इतिहास मराठीत छापणाऱ्यांना खुलं पत्र

जगाचा प्राचीन इतिहास मराठीत लिहिणाऱ्या, संपादित करणाऱ्या आणि छापणाऱ्या सर्वांना,

शालोम आणि नमस्कार.

मी रायगड जिल्ह्यातली एक निवृत्त शिक्षिका. शाळेत इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलं. शेजारची एक मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते, ती संध्याकाळी पुस्तकं घेऊन माझ्या ओटीवर येऊन बसते. गेल्या पावसाळ्यात तिने जगाच्या इतिहासाचं एक नवं कोरं पुस्तक आणलं. पश्चिम आशियाच्या प्रकरणात एक छोटी चौकट होती. तिच्यात लिहिलं होतं की ‘अरेमियन’, म्हणजे अरामी, ही अरबस्तानच्या वाळवंटातून आलेली लुटारू भटकी टोळी होती, तिने असिरियाला काही काळ त्रास दिला आणि पुढे ती नामशेष झाली. बाजूच्या नकाशात असिरिया होता, इस्राएल होतं, इजिप्त होतं. मधे, जिथे अरामींची राज्यं असायला हवीत, तिथे वाळूचे ठिपके. मागच्या सूचीत ‘अरेमियन’ शोधलं तर ‘पाहा : आर्मेनिया’.

मी प्रकाशकांना पत्र लिहिलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं की यावर परीक्षेत प्रश्न येत नाही आणि चौकटीत जास्त जागाही नाही. मग मी तालुक्याच्या वाचनालयात जाऊन आणखी चार-पाच पुस्तकं चाळली. तेच वाक्य, शब्द थोडे पुढेमागे. म्हणजे चूक एका पुस्तकाची नाही. ती एकाकडून दुसऱ्याकडे उतरत आली आहे. म्हणून हे पत्र कुणा एकाला नाही, तुम्हा सर्वांना आहे, आणि उघड आहे.

मला याचं एवढं का लागलं, ते आधी सांगते. मी बेने इस्राएल, कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातली. आमच्या घरी वल्हांडणाच्या, म्हणजे मिसर (इजिप्त) देशातून सुटकेच्या सणाच्या, रात्री पप्पा हगादा, म्हणजे त्या सुटकेच्या गोष्टीचं पुस्तक, वाचायचे. आमच्या आज्या त्या सणाला अनाशी ढाकण्याचा सण म्हणायच्या. मराठी अर्थासह हगादा मुंबईत १८४६ साली छापली गेली. १८७४ सालच्या पुण्याच्या हगादेतल्या चित्रांत तर साडी नेसलेल्या बायका बिनखमिरी भाकरी करताना दिसतात. तर हगादेतली गोष्ट ‘हा लह्मा अन्या’ या शब्दांनीच सुरू होते. ‘ही दैन्याची भाकर, आपल्या बापजाद्यांनी मिसर देशात खाल्लेली, जो भुकेला असेल त्याने यावं आणि खावं.’ लहानपणी मला वाटायचं की हे हिब्रू आहे. ते अरामी आहे. लग्नात हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, जो केतुबा, म्हणजे लग्नाचा करार, वाचून दाखवतात, तो अरामीत. माणूस गेल्यावर मुलगा जो कद्दीश म्हणतो, तोही अरामीत. ज्या चौकोनी अक्षरांना आम्ही हिब्रू अक्षरं म्हणतो, ती मुळात अरामींची. माझ्या पप्पांना शेवटचा निरोप ज्या भाषेत दिला, ती भाषा बोलणाऱ्यांना पुस्तकात ‘लुटारू टोळी’ म्हटलेलं मी वाचलं, आणि मला गप्प बसता आलं नाही.

हगादेत आणखी एक वाक्य येतं. ‘अरामी ओवेद अवी.’ हे तोरातल्या, म्हणजे आमच्या धर्मग्रंथातल्या, अनुवाद या पुस्तकातलं. पहिल्या पिकाची टोपली देवापुढे ठेवताना शेतकऱ्याने म्हणायचं वाक्य. सरळ अर्थ असा : माझा बाप भटका अरामी होता. पण हगादेतल्या परंपरेने ते वेगळं वाचलं : अरामी माझ्या बापाचा नाश करू पाहत होता. हा अरामी म्हणजे लाबान, याकोबाचा मामा आणि सासरा. मिसरचा राजा फारो याने फक्त मुलग्यांवर हात टाकला, लाबानाला सगळंच मुळासकट उपटायचं होतं, असं पप्पा वाचायचे आणि आम्ही पोरं लाबानाला मनातल्या मनात शिव्या द्यायचो. शब्द तेच तीन. एका वाचनात अरामी आपला बाप, दुसऱ्यात आपला वैरी. पुढे मोठेपणी लक्षात आलं की रिबका त्याच घरातली, लेआ आणि राहेल त्याच घरातल्या. आमच्या घरातल्या निम्म्या बायकांची नावं अरामींच्या लेकींची आहेत. आमच्या परंपरेने निदान दोन्ही वाचनं जपली. तुमच्या पुस्तकांत फक्त वैऱ्याचं वाचन उरलं आहे.

आता तक्रारी.

पहिली, आणि सगळ्यात मोठी, उगमाबद्दलची. ‘अरबस्तानच्या वाळवंटातून’ हे वाक्य जुन्या मताचा उरलेला तुकडा आहे. शंभर वर्षांपूर्वी अनेक पंडित असं मानत की अरबस्तान हे एक भांडं आहे, ते दर काही शतकांनी उतू जातं आणि त्यातून लोकांची एकेक लाट बाहेर पडते. अक्कादी, मग अमोरी, मग अरामी, मग अरब. सोपं चित्र, फळ्यावर काढायला सोयीचं. मीही ते काढलं आहे, ही माझीही चूक. पण पुरावा काय सांगतो?

अरामींचा पहिला निश्चित उल्लेख असिरियाचा राजा पहिला तिग्लथ-पिलेसर याच्या कोरीव नोंदींत येतो. त्याचा काळ इ.स.पू. १११४ ते १०७६. तो त्यांना ‘अहलामू-अरामी’ म्हणतो. त्यांचा पाठलाग करत आपण युफ्रेटिस, म्हणजे बायबलातली फरात नदी, २८ वेळा ओलांडली, वर्षातून दोनदा ओलांडली, असं तो अभिमानाने सांगतो. ठिकाणंही देतो : अमुरू देशातलं तदमोर, म्हणजे आजचं पाल्मिरा, सुहू देशातलं अनत, आणि बाबिलोनच्या हद्दीवरचं रापिकू. एका मोहिमेत बिश्री डोंगराच्या पायथ्याशी त्यांची सहा गावं जाळल्याचं नोंदवतो. हा जबल बिश्री आजही आहे, सिरियात, पाल्मिरा आणि युफ्रेटिसच्या मधे. हा सारा मुलूख युफ्रेटिसच्या काठाचा आणि सिरियाच्या गवताळ माळाचा आहे. अरबस्तानच्या आतल्या एकाही ठिकाणाचं नाव त्यात नाही. आणि ज्यांची सहा गावं जाळता येतात त्यांना गावं होती, एवढं तरी मान्य करायला हवं.

दुसरा पुरावा मला फार आवडतो. इ.स.पू. ८५३ साली सिरियातल्या कर्कर इथे असिरियाचा राजा तिसरा शल्मनेसर याच्याविरुद्ध बारा राजांची युती उभी राहिली, असं त्याचा शिलालेख सांगतो. हा दगड कुर्ख इथे सापडला, आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात दमास्कसच्या अरामी राजाचे १२०० रथ, १२०० घोडेस्वार आणि २०,००० पायदळ आहे. हमाथचे ७०० रथ आहेत. इस्राएलचा अहाब २००० रथ आणि १०,००० पायदळ घेऊन त्यांच्याच बाजूने उभा आहे. आणि त्याच यादीत वेगळ्या ओळीवर गिंदिबू नावाचा अरब येतो, १००० उंट घेऊन. असिरियन लेखनिकाला अरब आणि अरामी वेगळे दिसत होते. आपल्याला का दिसू नयेत?

आज बहुतेक अभ्यासक असं मांडतात की अरामी बाहेरून आलेच नाहीत. इ.स.पू. १२०० च्या आसपास हित्ती साम्राज्य कोसळलं, उगारित आणि एमार ही शहरं पडली, असिरियाची पकड ढिली झाली, पाऊस कमी झाल्याच्याही खुणा सापडतात. त्या पडझडीत, सिरियातल्या खाबूर आणि बालिख नद्यांच्या खोऱ्यांत आणि माळावर आधीपासून मेंढरं राखणारी आणि जमेल तिथे शेती करणारी माणसं पुढे आली. त्यांनी आपापल्या कुळांची राज्यं केली. म्हणून त्या राज्यांच्या नावात ‘बीत’ येतं, म्हणजे घर : बीत-अदिनी, बीत-बहियानी, बीत-अगुसी, बीत-झमानी. आपण ‘घराणं’ म्हणतो तसंच.

यावर सगळ्यांचं एकमत आहे असं मी म्हणणार नाही. बायबलातला आमोस संदेष्टा म्हणतो की देवाने अरामींना कीर इथून आणलं, जसं इस्राएलला मिसरातून आणलं. हे कीर कुठे, ते आजवर ठरलेलं नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात तर अरामच्या दोन वंशावळी आहेत. एका ठिकाणी तो शेमचा मुलगा, दुसऱ्या ठिकाणी अब्राहामाच्या भावाचा, नाहोराचा, नातू. मतभेद असतील तर मतभेद आहेत असं छापा. मुलं एवढं समजून घेण्याइतकी शहाणी असतात. वाद मिटलेला नसताना तो मिटल्यासारखं ठाम वाक्य लिहायचं, हे मला सोसत नाही.

‘भटकी’ या शब्दाबद्दलही बोलायला हवं, कारण तो तुमच्या चौकटीत शिवीसारखा बसवला आहे. दिवाळीनंतर घाट उतरून आमच्याकडे धनगर येतात. भात कापलेल्या शेतात मेंढरं बसवतात, खताच्या मोबदल्यात शेतकरी त्यांना धान्य देतो. पावसाआधी ते आपल्या गावी परततात, तिथे त्यांची घरं असतात, जमिनी असतात. ज्याने हे पाहिलं आहे त्याला मेंढपाळ आणि शेतकरी हे दोन शत्रू वाटूच शकत नाहीत. खाबूरच्या काठावर तीन हजार वर्षांपूर्वी काहीसं असंच चालत असावं, असं अभ्यासक म्हणतात तेव्हा मला ते लगेच पटतं. मराठी लेखकाला तर हे सगळ्यात आधी कळायला हवं होतं.

दुसरी तक्रार : अरामींबद्दल लिहिताना तुम्ही फक्त त्यांच्या शत्रूंचं ऐकता. असिरियन राजे आणि बायबल, बस्स. पण अरामी स्वतःही बोलले आहेत, दगडावर बोलले आहेत. १९७९ साली सिरियात तेल फेखेरिये इथे काळ्या दगडाचा एक पुतळा सापडला, हदद-यिथी नावाच्या गुझानच्या राजाचा, इ.स.पू. नवव्या शतकातला. अंगावर दोन भाषांत लेख आहे. अक्कादी मजकुरात तो गुझानचा ‘सुभेदार’ आहे. अरामी मजकुरात तोच माणूस ‘राजा’ आहे. एकच दगड, एकच माणूस. असिरियाच्या भाषेत हाताखालचा, स्वतःच्या भाषेत धनी. हा पुतळा माझ्या वर्गात असता तर मी त्यावर आठवडाभर शिकवलं असतं.

किंवा हमाथचा राजा झक्कूर. त्याचा शिलालेख १९०३ साली तेल आफिस इथे सापडला. त्याच्या शहराला वेढा पडलेला असतो, वेढा घालणाऱ्यांचा पुढारी दमास्कसचा अरामी राजाच असतो. झक्कूर हात वर करून देवाला, बअलशमीनला, साद घालतो. देव द्रष्ट्यांच्या तोंडून उत्तर देतो : भिऊ नकोस, मी तुला राजा केलं आहे, मी तुझ्या पाठीशी उभा राहीन, मी तुला सोडवीन. मराठी घरात हे शब्द परके वाटतील का? हे वाचल्यावर कुणी या माणसांना नुसती टोळी म्हणेल का?

आणि तेल दान. तिथे १९९३ आणि १९९४ साली एका अरामी राजाच्या विजयलेखाचे तुकडे मिळाले. बहुतेक अभ्यासक तो दमास्कसच्या हजाएलचा मानतात. त्यात ‘दाविदाचं घराणं’ हे शब्द आहेत. बायबलाच्या बाहेर दाविद राजाच्या नावाचा हा सर्वांत जुना सर्वमान्य उल्लेख, आणि तो आमच्या शत्रूने, अरामीत, आपण तुमच्या राजांना मारलं अशी फुशारकी मारताना कोरलेला. आमच्या दाविदाची साक्ष अरामींनी जपली. त्यांची साक्ष आपण मराठीत चार ओळींत पुसायची?

नावाची तक्रार थोडक्यात सांगते. मराठी बायबलात ‘अराम’ आणि ‘अरामी’ हे शब्द पिढ्यान् पिढ्या आहेत. ते सोडून ‘अरेमियन’, ‘आर्मियन’, ‘अरामाइट’ असं दर पुस्तकात निराळं छापलं जातं, आणि मग आर्मेनियन लोकांशी घोटाळा होतो. आर्मेनियन वेगळे, त्यांची भाषा वेगळ्या कुळातली. ग्रीकांनी अरामींना ‘सिरियन’ म्हटलं, त्यामुळे काही पुस्तकांत ते ‘सिरियन’ नावाने वेगळे लोक म्हणून पुन्हा येतात. एकाच लोकांची दोन प्रकरणं, दोन्ही अर्धवट.

आता ‘नामशेष’. या एका शब्दावर मी रात्री जागून काढल्या आहेत.

इ.स.पू. ७३२ मध्ये तिसऱ्या तिग्लथ-पिलेसरने दमास्कस घेतलं, ७२० मध्ये असिरियाच्याच सर्गोन राजाने हमाथ मोडलं. राज्यं संपली, हे खरं. लाखो माणसं उचलून साम्राज्यात इकडून तिकडे नेऊन टाकली गेली. पण त्या माणसांबरोबर त्यांची भाषा गेली, आणि जिंकणाऱ्यांनाच ती शिकावी लागली. असिरियन राजवाड्यांतल्या कोरीव चित्रांत दोन लेखनिक शेजारी उभे दिसतात. एक मातीच्या पाटीवर टोचतोय, दुसरा लेखणीने गुंडाळीवर लिहितोय, तो अरामीत. पुढे हखामनी इराणी साम्राज्याचा कारभार इजिप्तपासून सिंधूपर्यंत याच भाषेत चालला. सम्राट अशोकाचे लेख तक्षशिला, लघमान आणि कंदाहार इथे अरामीत आहेत. कंदाहारचा १९५८ साली सापडलेला लेख ग्रीक आणि अरामी अशा दोन भाषांत आहे, आणि त्यातल्या अरामी भागात अशोकाला ‘आमचा स्वामी प्रियदर्शी राजा’ म्हटलं आहे. खरोष्ठी लिपी अरामीवरून आली, हे जवळपास सगळे मानतात. ब्राह्मीबद्दल वाद आहे, तो वाद म्हणूनच सांगावा. तुमच्या पुस्तकांत अशोकावर पन्नास पानं असतात, त्यात या गोष्टीला एक ओळ मिळत नाही.

आणि माणसं? ती आहेत. दमास्कसच्या ईशान्येला डोंगरात मालूला, बखआ आणि जुब्बदीन ही तीन गावं आहेत, जिथे पश्चिमी अरामी अजून घराघरात बोलली जात आली आहे. मालूलात ती मुख्यतः ख्रिस्ती बोलतात, बाकी दोन गावांत मुसलमान. सप्टेंबर २०१३ मध्ये सशस्त्र गटांनी मालूलावर हल्ला केला, लोक पळाले, डिसेंबरात मठातल्या जोगिणी पळवल्या गेल्या आणि मार्च २०१४ मध्ये सुटल्या. तुर्कस्तानात तूर अब्दीनच्या पठारावर मोर गब्रिएलचा मठ इ.स. ३९७ पासून उभा आहे. ऑटोमन साम्राज्यात १९१५ साली झालेल्या ख्रिस्त्यांच्या कत्तलीला तिथले लोक ‘सैफो’ म्हणतात, म्हणजे तलवार. तुर्कस्तानातल्याच म्लहसो या गावची अरामी बोली विसाव्या शतकाच्या अखेरीस संपली. वाचलेल्यांची नातवंडं आज स्वीडनमधल्या सोदरतेल्येत, जर्मनीत, हॉलंडमध्ये राहतात. स्वतःला अरामी म्हणावं की असिरियन की सुरियानी, यावर त्यांच्यात कडाक्याचे वाद आहेत. त्यात मी पडत नाही. पण ज्यांच्यात आपल्या नावावरून वाद होतात ते लोक नामशेष कसे? एडेसा, म्हणजे आजचं उर्फा, इथल्या अरामी बोलीतून सिरियाक झाली, आणि तिच्यातल्या प्रार्थना केरळातल्या चर्चमध्ये आजही होतात. रेल्वेने एका दिवसाच्या अंतरावर.

तुम्ही ‘नामशेष’ छापता तेव्हा वाचणाऱ्याला वाटतं की आता वाचवण्यासारखं काही उरलेलं नाही. जानेवारी २०१८ मध्ये उत्तर सिरियातलं ऐन दारा इथलं मंदिर, ज्याच्या उंबऱ्यावर देवाची म्हणून मोठाली पावलं कोरली होती, हवाई हल्ल्यात बरंचसं उद्ध्वस्त झालं. त्याच अरामी-हित्ती जगातलं ते मंदिर. मी ती बातमी त्या मुलीला सांगितली. ती म्हणाली, “बाई, पण ते लोक तर संपलेत ना?” तिचा दोष नाही. पुस्तकात तसं लिहिलंय.

माझ्या मागण्या साध्या आहेत. पुढच्या आवृत्तीत ‘अरबस्तानच्या वाळवंटातून आलेली लुटारू टोळी’ हे वाक्य काढा. नकाशावरचे ठिपके पुसून दमास्कस, हमाथ, अर्पाद, समआल, बीत-अदिनी, गुझान आणि हारान ही नावं घाला. सगळीकडे ‘अरामी’ एवढंच लिहा आणि सूचीतून आर्मेनियाशी जोडलेली गाठ सोडवा. अशोकाच्या प्रकरणात अरामी लेखांना दोन ओळी द्या. ‘नामशेष’ हा शब्द खोडा. आणि जे पुस्तक आधीच विकलं गेलं आहे, त्यासाठी शुद्धिपत्र काढा. मुलं ते चिकटवून घेतील, मी स्वतः आमच्या वाचनालयातल्या प्रतींत चिकटवीन.

जागा नाही म्हणाला होतात. म्हणून त्याच चौकटीत मावेल असा मजकूर खाली देते. तो कुणीही, माझं नाव न घालता, वापरावा :

‘अरामी : युफ्रेटिस आणि खाबूर नद्यांची खोरी व बिश्री डोंगराभोवतीचा माळ इथले मेंढपाळ आणि शेतकरी. उगमाबद्दल मतभेद. पहिला निश्चित उल्लेख असिरियन नोंदींत, इ.स.पू. बाराव्या शतकाच्या अखेरीस. प्रमुख राज्यं दमास्कस, हमाथ, बीत-अदिनी, गुझान. त्यांची भाषा पुढे हखामनी साम्राज्याच्या कारभाराची भाषा झाली. अशोकाचे काही लेख तिच्यात आहेत. सिरिया, तुर्कस्तान, इराक आणि युरोपातल्या स्थलांतरितांमध्ये ती आजही बोलली जाते.’

कळावे,

रायगड जिल्ह्यातली आपली एक वाचक